पाहुणा न राहिलेला डॉक्टर

वैद्यकीय प्रवेशाच्या तयारीसाठी लातूर आणि नांदेड या दोन शहरांत आज महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून मुले येतात. खोल्या भाड्याने घेऊन, मेसचे डबे खाऊन ही मुले डॉक्टर होण्याच्या एकाच ध्यासाने दोन-दोन वर्षे काढतात. त्यांतील काहींना पुढे परदेशाची वाट धरावी लागते आणि रशिया, चीन ही नावे मराठवाड्यातील पालकांच्या बोलण्यात आता सहज येतात. लातूरहून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या सोलापूरचा एक तरुण १९३८ साली चीनला निघाला, तेव्हा चित्र अगदी उलटे होते. तो मुंबईतून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडला होता आणि जिथे चालला होता तिथे डॉक्टर नव्हते, औषधे नव्हती आणि जगाशी धड संपर्कही नव्हता.

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे त्या तरुणाचे नाव. व्ही. शांताराम यांच्या चित्रपटामुळे हे नाव घरोघरी पोहोचले. रणांगणावरील त्यांच्या शस्त्रक्रियांच्या आणि अकाली मृत्यूच्या कथा तीन पिढ्यांनी ऐकल्या. परंतु चारी बाजूंनी कोंडलेल्या एका साम्यवादी प्रदेशात हा सोलापूरकर जवळजवळ चार वर्षे रोज कसा जगला, काय जेवला, कोणत्या भाषेत बोलला आणि तिथून परत येण्याची संधी असताना का आला नाही, याकडे फारसे लक्ष गेले नाही. कोटणीसांचे मोठेपण समजून घ्यायचे तर या साध्या प्रश्नांपाशीच जावे लागते.

गिरण्यांच्या गावात

१० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरातील एका मध्यमवर्गीय कुटुंबात द्वारकानाथांचा जन्म झाला. भावंडांचे कुटुंब मोठे होते. सोलापूर तेव्हा कापड गिरण्यांच्या भोंग्यावर उठणारे आणि निजणारे शहर होते. मराठीबरोबर कानडी, तेलुगू आणि उर्दू या भाषा तिथल्या पेठांतून सारख्याच सहजतेने बोलल्या जात. परकी भाषा कानावर पडली की बिचकायचे नसते, हा धडा अशा गावातील मुलांना वेगळा शिकवावा लागत नाही.

सोलापूर हे ब्रिटिश मुलखाच्या कडेवरचे शहर होते. तिथून थोडे पूर्वेला गेले की निजामाचे हैदराबाद संस्थान सुरू होई आणि लातूर, नांदेडसह सारा मराठवाडा त्या संस्थानात होता. १९३० च्या मे महिन्यात गांधीजींच्या अटकेनंतर सोलापूर पेटले, काही दिवस इंग्रजांचा अंमल जणू उठला आणि मग शहरावर लष्करी कायदा लादला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी देण्यात आले. कोटणीस तेव्हा विशीत होते. गावातील माणसे फासावर गेलेली पाहणाऱ्या पिढीचे ते प्रतिनिधी होते.

पुढे मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. पदव्युत्तर शिक्षणाची तयारी सुरू होती. शिक्षण पूर्ण करायचे, जम बसवायचा आणि घराला हातभार लावायचा, असा त्या काळच्या कोणत्याही मध्यमवर्गीय मुलासारखाच रस्ता त्यांच्यापुढे होता.

पाच डॉक्टरांचे पथक

जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर सर्वंकष आक्रमण केले. चिनी साम्यवाद्यांच्या आठव्या मार्ग सेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली. १९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. लोकवर्गणीतून सुमारे २२ हजार रुपये उभे राहिले. स्वतः पारतंत्र्यात असलेल्या देशाने दुसऱ्या आक्रमणग्रस्त देशासाठी जमवलेला हा पैसा होता.

अलाहाबादचे डॉ. मदन अटल पथकाचे प्रमुख होते. स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार केल्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. विजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी हे अन्य सदस्य. कोटणीस पाचवे. रुग्णवाहिका, औषधे आणि उपकरणे घेऊन १ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीने निघाले.

१७ सप्टेंबर १९३८ रोजी पथक दक्षिण चीनमधील कँटनला उतरले. सन यत् सेन यांच्या पत्नी सुंग छिंग लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. बरोबर दहा वर्षांनी याच तारखेला मराठवाडा निजामाच्या जोखडातून मुक्त व्हायचा होता. त्या लढ्याचे पहिले मोठे पाऊलही १९३८ च्या ऑक्टोबरात पडले. बंदी घातलेल्या हैदराबाद स्टेट काँग्रेसने सत्याग्रह पुकारला आणि स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. एकाच वर्षी सीमेच्या अलीकडची आणि पलीकडची माणसे आपापल्या परीने घर सोडून निघाली होती.

चुंगकिंगमधील निर्णय

चीनमध्ये तेव्हा नावापुरती एकजूट होती. चँग कै शेक यांचे राष्ट्रवादी सरकार आणि माओ त्से तुंग यांचे साम्यवादी, दोघेही जपानविरुद्ध लढत होते. मात्र एकमेकांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पथक हँकौला पोहोचले आणि थोड्याच दिवसांत ते शहर जपानच्या हाती जाण्याची वेळ आली. माघार घेणाऱ्या जनसागराबरोबर भारतीय डॉक्टर यिचांगमार्गे चुंगकिंगला आले. साम्यवादी मुलखात जायची त्यांची इच्छा चुंगकिंगच्या सरकारला रुचणारी नव्हती. परवान्यांसाठी खोळंबा होत राहिला.

या मुक्कामात दोन गोष्टी घडल्या. शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे संस्थापक प्रा. तान युन शान यांनी पाचही डॉक्टरांना चिनी नावे दिली. प्रत्येकाच्या आडनावातील ध्वनी घेऊन शेवटी ‘हुआ’ हे अक्षर जोडले. हुआ म्हणजे चीन. कोटणीस ‘के दिहुआ’ झाले. याच नावाने चीन त्यांना आजही ओळखतो.

दुसरी गोष्ट जिव्हारी लागणारी होती. जानेवारी १९३९ मध्ये वडील गेल्याची बातमी कोटणीसांना मिळाली. ज्या घराचा आधार व्हायचे ते घर हजारो मैलांवर उघडे पडले होते. या क्षणी ते परतले असते तर त्यांना कोणी बोल लावला नसता. सहकाऱ्यांनाही त्यांनी जावे असेच वाटणे स्वाभाविक होते. मात्र पथक अजून मुक्कामावर पोहोचलेलेच नाही आणि ज्या कामासाठी देशाने पाठवले ते सुरूही झालेले नाही, हे त्यांच्या मनाने घेतले. त्यांनी पुढे जायचे ठरवले. मुलाचे कर्तव्य आणि डॉक्टरचे कर्तव्य यांतील ही निवड त्यांना पुढे कधी सोपी वाटली असेल, असे मानण्याचे कारण नाही.

पिवळ्या मातीतील राज्य

१२ फेब्रुवारी १९३९ रोजी पथक येनानला पोहोचले. उत्तर शेन्सीमधील हे गाव साम्यवाद्यांची राजधानी होती. कागदोपत्री हा चीनचा एक सीमाभाग. प्रत्यक्षात राज्यातील राज्य. त्याचे शासन वेगळे, फौज वेगळी, शाळा आणि विद्यापीठे वेगळी. राष्ट्रवादी फौजांच्या चौक्या त्याच्या भोवती होत्या आणि ये-जा परवान्याशिवाय होत नसे. नोव्हेंबर १९३८ मध्ये जपानी विमानांनी येनान शहर भाजून काढले होते. त्यामुळे सरकार, रुग्णालय, वसतिगृह सारे काही पिवळ्या मातीच्या डोंगरकड्यांत कोरलेल्या गुहांमध्ये हलले होते.

मुंबईच्या रुग्णालयातून आलेल्या डॉक्टरांचे घर आता अशी एक गुहा होती. कमानीच्या तोंडाला लाकडी चौकट, काचेऐवजी खिडकीला चिकटवलेला कागद, आत मातीचा ओटा आणि रात्री तेलाचा मिणमिणता दिवा. बाहेरची थंडी हाडे गोठवणारी. जेवणात राळ्याचा भात आणि उकडलेली भाजी. मराठवाड्यातील जुन्या पिढीला राळे ठाऊक आहेत. ज्वारी-बाजरीच्या जोडीने कोरडवाहू रानात ते पिकत. येनानमध्ये मात्र सकाळ-संध्याकाळ तेच होते. गहू, तांदूळ आणि मांस ही सणासुदीची चैन होती. कापूस भरलेला जाड गणवेश सैनिकापासून सेनापतीपर्यंत साऱ्यांचा एकच.

परदेशी माणसांचा मात्र वेगळा विचार केला जाई. बंदिस्त साम्यवादी राज्यात गेलेल्या बहुतेक परदेशी पाहुण्यांचा अनुभव हाच असतो. त्यांच्यासाठी वेगळे जेवण, वेगळी सोय, बरोबर दुभाषा आणि दाखवायची ठिकाणे ठरलेली. पाहुणचार मनापासूनचा असतो, पण तोच पाहुणा आणि स्थानिक माणूस यांच्यामध्ये भिंत होऊन उभा राहतो. येनानला त्या काळात अनेक परदेशी आले. काही पत्रकार काही आठवडे राहून पुस्तके लिहून गेले. अमेरिकन डॉक्टर जॉर्ज हातेम यांच्यासारखे काही कायमचे राहिले आणि ‘मा हायते’ या चिनी नावाने ओळखले जाऊ लागले.

कोटणीस दुसऱ्या वाटेने गेले. येनानबाहेरच्या लष्करी रुग्णालयात काम सुरू झाले तशी त्यांनी भाषा शिकायला सुरुवात केली. रुग्णाला कुठे दुखते हे दुभाष्यामार्फत विचारणारा डॉक्टर अर्धाच डॉक्टर असतो, हे त्यांना लवकर उमगले असावे. त्या वर्षी नाकेबंदीवर उतारा म्हणून येनानमध्ये उत्पादन मोहीम जोरात होती. कार्यालयांनी, शाळांनी, पलटणींनी पडीक जमीन फोडून स्वतःचे धान्य पिकवायचे, असा दंडक होता. शस्त्रक्रिया, शिकवणे, भाषेचा अभ्यास, राजकीय अभ्यासवर्ग आणि सामुदायिक श्रम यांत दिवस संपत असे.

या दिनक्रमाने सर्वांना सारखेच बांधले नाही. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्येच मायदेशी परतले. त्यांत कमीपणा काहीच नव्हता. ठरलेल्या कामासाठी आलेली माणसे काम करून प्रकृतीच्या मर्यादेत परत गेली. अटल, बसू आणि कोटणीस यांनी मात्र त्याहून पुढे, प्रत्यक्ष आघाडीवर जाण्याचा आग्रह धरला.

न झालेली भेट

नोव्हेंबर १९३९ च्या आरंभी तिघे येनानहून निघाले. पूर्वेकडे, जपानी फौजांच्या पिछाडीला साम्यवादी सैन्याने आणखी एक मुक्त प्रदेश उभा केला होता. शान्सी, चहार आणि होपै या प्रांतांच्या सीमेवरचा हा डोंगराळ मुलूख येनानपेक्षाही अधिक कोंडलेला होता. रेल्वेमार्ग आणि शहरे जपानच्या ताब्यात, खेडी आणि डोंगर गनिमांच्या. तिथे कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथून काम करत होते. खेचरांच्या पाठीवर लादून नेता येईल असे फिरते शस्त्रक्रियागृह त्यांनी बनवून घेतले होते. भारतीय डॉक्टरांना त्यांच्यापर्यंत पोहोचायचे होते.

ती भेट झाली नाही. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून जंतुसंसर्ग होऊन १२ नोव्हेंबर १९३९ रोजी बेथून यांचा मृत्यू झाला. भारतीय डॉक्टर तेव्हा वाटेत होते. पुढे अटल आजारामुळे भारतात परतले. बसू आणि कोटणीस उरले. कधी पायी, कधी घोड्यावर, रात्रीच्या अंधारात शत्रूच्या ताब्यातील रेल्वेरूळ ओलांडत दोघे त्या मुलखात फिरत राहिले आणि १९४० च्या उन्हाळ्यात बेथून यांच्या कार्यक्षेत्रात, होपैमधील तांग परगण्यात पोहोचले. बेथून यांच्या समाधीच्या अनावरणाला ते हजर होते. तिथेच कोटणीसांची आणि परिचारिका ग्वो छिंगलान यांची पहिली ओळख झाली.

२० ऑगस्ट १९४० रोजी ‘शंभर पलटणींची मोहीम’ सुरू झाली. जपानी फौजांचे रेल्वेमार्ग आणि ठाणी उद्ध्वस्त करण्यासाठी साम्यवादी सैन्याने उघडलेली ही सर्वांत मोठी आघाडी. कोटणीस आणि बसू यांनी कामाचे क्षेत्र वाटून घेतले. एका लढाईच्या तेरा दिवसांत कोटणीसांच्या पथकाकडे सुमारे ८०० जखमी आले आणि त्यांतील साडेपाचशेहून अधिक जणांवर शस्त्रक्रिया झाल्या. एकदा तर सलग तीन दिवस आणि तीन रात्री ते टेबलापासून हलले नाहीत. हा तपशील चित्रपटात शोभावा असा आहे. पण पुढची दोन वर्षे त्याहून कठीण होती, कारण त्यांत असा एकच एक रणप्रसंग नव्हता. रोजचीच झुंज होती.

के दिहुआंचा दिवस

बसू येनानला परतले आणि कोटणीस त्या मुलखात एकटे भारतीय राहिले. जानेवारी १९४१ मध्ये बेथून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. रुग्णालय म्हणजे एक इमारत, अशी कल्पना इथे करता येत नाही. तांग परगण्यातील गगोंग आणि आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची घरे हीच त्याची वॉर्डे होती. जपानी फौज येत असल्याची खबर आली की जखमींना डोल्यांवर घालून डोंगरात हलवायचे, उपकरणे पुरायची किंवा पाठीवर घ्यायची आणि फौज गेली की पुन्हा मांडामांड करायची.

१९४१ आणि १९४२ ही त्या मुलखाची सर्वांत वाईट वर्षे. जपानी सैन्याने गावेच्या गावे जाळली, धान्य लुटले, माणसे मारली. जानेवारी १९४१ मध्ये साम्यवादी आणि राष्ट्रवादी फौजांमध्येच रक्तपात झाल्यावर चिनी सरकारची नाकेबंदी कडक झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात हाँगकाँग जपानच्या हाती पडले आणि सुंग छिंग लिंग यांच्या संस्थेमार्फत येणाऱ्या औषधांची वाट बंद झाली. भूल देण्याचे औषध जपून वापरावे लागे. मलमपट्टीचे कापड धुऊन, उकळून पुन्हा वापरले जाई. जे मिळत नाही ते गावातील सुतार-लोहाराकडून घडवून घ्यायचे, हा बेथून यांच्या काळापासूनचा परिपाठ होता.

या परिस्थितीतही परदेशी तज्ज्ञ म्हणून कोटणीसांना वेगळे अन्न देऊ केले जात असे. त्यांनी ते नाकारले. जे सैनिकांच्या ताटात तेच आपल्या ताटात, असा नियम त्यांनी ठेवला. हा केवळ तत्त्वाचा हट्ट नव्हता. त्या मुलखात धान्याचा दाणा मोजून वाटला जात होता आणि डॉक्टरच्या ताटात काय आहे हे खाटेवरच्या जखमीला दिसत होते.

भाषेवर त्यांनी असा कब्जा मिळवला की बेथून वैद्यकीय विद्यालयात ते चिनी भाषेत शिकवू लागले. हातात पुस्तके नव्हती म्हणून त्यांनी शल्यचिकित्सेच्या मूलतत्त्वांवर एक पाठ्यपुस्तक तयार केले आणि पुढच्या भागाला हात घातला. विद्यार्थी बहुतेक खेड्यांतील तरुण होते. शाळेचे चार वर्ग शिकलेल्या मुलाला थोड्या काळात जखम ओळखायला, रक्त थांबवायला आणि हाड बसवायला शिकवायचे, हे काम कोणत्याही पदव्युत्तर अभ्यासक्रमात नव्हते. आजूबाजूचे गावकरीही त्यांच्याकडे उपचाराला येत. सहकारी त्यांना ‘लाव के’ म्हणत. आपल्याकडे नावापुढे दादा लावतात तसा हा आपुलकीचा शब्द. त्यांच्या सावळ्या वर्णावरून आणि मायेने शुश्रूषा करण्यावरून जखमी सैनिकांनी त्यांना काळी आई असेही नाव दिले होते.

२५ नोव्हेंबर १९४१ रोजी कोटणीसांनी ग्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. छिंगलान परिचारिका शिक्षणाच्या विद्यालयात शिकवत होत्या. कॅथलीन हॉल या न्यूझीलंडच्या मिशनरी परिचारिकेच्या प्रेरणेने त्या पेकिंगचे रुग्णालय सोडून या डोंगरात आल्या होत्या. २३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. त्या मुलखाचे सेनापती न्ये रोंगचेन यांनी त्याचे नाव ‘यिनहुआ’ सुचवले. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. त्याच वर्षी जुलैमध्ये कोटणीस चिनी साम्यवादी पक्षाचे सदस्य झाले. पाहुणा आणि यजमान यांच्यातील अंतर आता उरले नव्हते.

अखेर

या एकरूपतेची किंमत त्यांच्या शरीराने मोजली. अपुरे अन्न, अखंड जागरण आणि सततची धावपळ यांत त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. आजार काय आहे हे डॉक्टर म्हणून त्यांना कळत होते. उपचारासाठी आघाडीवरून मागे जावे, असे वरिष्ठांनी सुचवले. पण मागे जायचे म्हणजे शत्रूच्या रांगा ओलांडून महिनोन्महिन्यांचा प्रवास, आणि आपल्यामागे रुग्णालयाचे काय, हा प्रश्न होताच. त्यांनी काम सोडले नाही. दुसऱ्या पाठ्यपुस्तकाचे लेखनही चालूच होते.

९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटे गगोंग येथे अपस्माराच्या तीव्र झटक्यांनी त्यांचा मृत्यू झाला. वय अवघे ३२. मुलगा साडेतीन महिन्यांचा. सोलापुरात वडिलांच्या मागे मोठ्या आशेने वाट पाहणाऱ्या घरापर्यंत मुलगा पुन्हा पोहोचलाच नाही.

ज्यांनी त्यांना पाठवले ते तेव्हा कुठे होते, हे पाहिले म्हणजे त्या मृत्यूचे एकाकीपण अधिक जाणवते. ‘भारत छोडो’ आंदोलनामुळे काँग्रेस बेकायदा ठरली होती आणि नेहरू अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत होते. पथकासाठी वर्गणीचे आवाहन करणारे सुभाषबाबू जर्मनीत होते आणि काही महिन्यांतच, भारताच्या स्वातंत्र्यासाठी, त्याच जपानची मदत घेण्यास निघणार होते ज्याच्या गोळ्यांनी जखमी झालेल्या माणसांना कोटणीस शिवत होते. १९३८ मध्ये एका व्यासपीठावर असलेल्या माणसांना इतिहासाने चार वर्षांत निरनिराळ्या किनाऱ्यांना नेऊन सोडले. कोटणीस मात्र ज्या कामासाठी बोटीत बसले होते, तेच काम करत गेले.

नावाचा प्रवास

ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९४४ मध्ये या पथकावर ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे पुस्तक लिहिले. त्यावर बेतलेला ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट १९४६ मध्ये आला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी आणि छिंगलान यांची जयश्री यांनी केली. बसू १९४३ मध्ये भारतात परतले आणि पुढे त्यांनी चिनी सूचिचिकित्सा भारतात रुजवली. कोटणीसांच्या अस्थी १९५० च्या दशकात शिच्याच्वांग येथील हुतात्मा स्मशानभूमीत नेण्यात आल्या. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्यावर टपाल तिकीट काढले.

ज्या राजवटीच्या उभारणीच्या काळात कोटणीस तिथे होते, ती १९४९ मध्ये साऱ्या चीनची सत्ता झाली. पुढचा दुष्काळ, सांस्कृतिक क्रांतीची उलथापालथ आणि विचारांवरील पहारा त्यांनी पाहिला नाही. १९४२ मध्येच येनानमध्ये सुरू झालेल्या शुद्धीकरण मोहिमेत अनेक निष्ठावंतांना छळ सोसावा लागला, तेव्हा ते दूर आघाडीवरच्या खेड्यात होते. त्यांनी पाहिलेला साम्यवाद हा उपाशी सैनिकांचा आणि दार उघडणाऱ्या शेतकऱ्यांचा होता. त्यावरून पुढच्या साऱ्या राजवटीचे समर्थन करणे जसे चुकीचे, तसेच पुढच्या चुकांचे माप त्यांच्या पदरात घालणेही अन्यायाचे. त्यांचा मुलगा यिनहुआ वैद्यकीय शिक्षण पूर्ण होण्याच्या बेतात असताना १९६७ मध्ये, ऐन सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, चोविसाव्या वर्षी गेला. बापाचा व्यवसाय पुढे नेण्याची आशा त्याच्याबरोबर संपली.

१९६२ चे युद्ध झाले, दोन्ही देशांचे संबंध अनेकदा बिघडले आणि सावरले. पण चिनी नेते भारतात आले की कोटणीस कुटुंबाची भेट घेण्याचा प्रघात दीर्घकाळ टिकला. राजनैतिक व्यवहारात मृत माणसाचे नाव सोयीचे असते, हे खरे. ग्वो छिंगलान यांनी मात्र हे नाते सोयीपलीकडे जपले. त्या भारतात येऊन सासरच्या माणसांना भेटल्या, पतीच्या आठवणी लिहून ठेवल्या आणि २०१२ मध्ये वयाच्या ९६ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षाच्या आरंभी सोलापुरातील कोटणीसांच्या राहत्या घरी त्यांचे स्मारक खुले झाले होते.

होपैच्या तांग परगण्यातही एक स्मारक आहे. बेथून आणि कोटणीस या दोघांच्या नावाने ते उभे आहे. एक कॅनडाचा, एक सोलापूरचा. आयुष्यात एकमेकांना कधीही न भेटलेल्या या दोन डॉक्टरांतील दुसऱ्याने पहिल्याच्या जागी उभे राहून काम सुरू ठेवले, आणि तिथल्या माणसांनी दोघांनाही आपल्याच गावचे मानून एका छपराखाली जागा दिली.